इडमॉन, रंगारी

ग्रीकांच्या त्या जाडजूड पुस्तकात
त्याच्या वाट्याला दीड ओळ आली आहे.
इडमॉन. गाव कोलोफॉन. धंदा लोकर रंगवणे.
लगेच मुलीची गोष्ट सुरू होते
आणि तो कुठे गेला ते कुणी सांगत नाही.

एप्रिलच्या दुपारी अक्कलकोट रोडच्या डाईंगमध्ये
नायनाचा डबा घेऊन गेले, पुस्तक पिशवीत होतं.
"काय वाचलालीस गं सुगुणा?"
कोपरापर्यंत जांभळा तो,
उजव्या हाताची चार बोटं तेवढी धुतलेली,
कडक भाकरी मोडत होता.

सांगितलं.
एक पोरगी होती, अराक्नी.
मागावर अशी बसायची की
नदीतल्या पऱ्या कामं टाकून बघायला यायच्या.
लोक म्हणाले, देवीनं शिकवलं असणार.
ती म्हणाली, नाही.
देवी आली. पैज लागली.
पोरीनं कापडात देवांची लफडी विणली,
एकेक, नावानिशी,
आणि एक गाठ चुकली नाही.
तेच देवीला झोंबलं.
तिनं कापड टरकावलं,
धोट्यानं पोरीचं कपाळ फोडलं, तीनदा, चारदा.
पोरीनं गळ्याला फास लावला.
मग कुठे देवीला दया आली,
आणि दया म्हणून तिनं तिला कोळी करून टाकलं.

नायना चटणीत तेल कालवत होता.
"बापाचं काय?"

रंगारी होता. शंखातल्या किड्याचा जांभळा काढायचा.
हजारो किडे मारावेत, तेव्हा मूठभर लोकर.
"वास मारत असेल."
मारत असेल.
"पक्का होता का?"
दोन हजार वर्षं झाली, अजून नाव घेतात त्या रंगाचं.
"नाव मरू दे. उन्हात टिकायचा का?"

"आई?"
आधीच वारलेली.
त्याचा घास थांबला.
"म्हणजे फासावरनं पोरीला उतरवायला
घरात तो एकटाच."
पुस्तकात हे नव्हतं.
"आणि जे कापड फाडलं, त्यात रंग कुणाचा?"
हेही नव्हतं.
"दुसऱ्या दिवशी कामावर गेला का?"
मी उगाच पानं चाळली.

आमच्यात गोष्ट दुसरी सांगतात.
देव तेव्हा उघडेच होते.
आमच्या मूळपुरुषानं कमळाच्या देठातलं सूत ओढलं
आणि त्यांना पहिलं कापड नेसवलं.
म्हणून आम्ही पद्मशाली.
मजुरी काय मिळाली, हे विचारायची पद्धत नाही.
नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा
आई विड्यांचं सूप बाजूला सारून हात जोडते,
बोटांना तंबाखूचा वास तसाच.

तेलुगूत कोळ्याला आम्ही म्हणतो सालेपुरुगू.
साळ्याचा किडा.
जन्मापासून म्हणत आले,
त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं.
नायनाला म्हटलं, तर डब्याचं झाकण लावत म्हणाला,
"मग काय. आपल्यातलीच की."

वाफेचा पाइप जिथे भिंतीत शिरतो
त्या कोनात एक जाळं होतं.
कारखाना भरून उडणारी भुकटी
वर्षभर बसून बसून
वांग्याच्या सालीसारखं झालेलं.
नायना खाली जाऊन उभा राहिला,
गिऱ्हाइकानं परत पाठवलेली लडी बघतो
तसा एक डोळा बारीक करून.
"बसला नाही," म्हणाला.
"नुसता वर चिकटलाय. फुंकलं तर जाईल."

फुंकलं नाही.

तीन वाजता भट्टीतून माल निघाला.
ओल्या लड्यांचा बांबू तो त्याच कोनात टाकतो,
एकवीस वर्षं,
भिंतीला खाच पडली आहे त्या जागी.
आज हातभर अलीकडे टाकला.
खाच नसलेल्या भिंतीवर बांबू दोनदा घसरला,
त्यानं खाली विटेचा तुकडा लावला.

का, म्हणून विचारलं.
"तिकडं सुकत नाही नीट."

पाइप तिथेच सगळ्यात गरम असतो.